गाडी भरायच्या आधी शाळेत या



आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका डोंगराकडच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या आया. आज सहा जणी आलो आहोत. एकीनं बोलायचं आणि तिचं काही चुकलं की बाकीच्यांनी कोपर मारायचं, असं ठरलंय. मध्येच आवाज अडखळला तर समजून घ्या. शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे काय, हे काही जणींना अजून माहीत नसेल. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला अशी समिती ठेवायला लावली आहे. तिच्यात चारातले तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे शाळा जितकी गुरुजींची तितकीच आपली. पूर्वी आम्ही सही करायला जायचो, आता बोलायला जातो.

आधी शाळेच्या बातम्या सांगून टाकतो.

पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीआधी होईल. तारीख ठरली की फळ्यावर आणि मुलांच्या वहीत लिहून येईल. रोज रात्री वही उघडून बघत चला. त्या आठवड्यात मुलांना बाजाराला किंवा पाहुण्यांकडं नेऊ नका. पाण्याच्या टाकीची तोटी बदलली आहे, पण पोरं तोंड लावून पाणी पितात, तेव्हा दप्तरात बाटली द्या. शाळेतल्या जेवणात पहिली ते पाचवीच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, आणि ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असा नियम आहे. ही प्रथिनं काही नुसत्या भातातून येत नाहीत, ती डाळीतून, मटकीतून, हरभऱ्यातून येतात. म्हणून चव घ्यायची पाळी ज्या आईची असेल तिनं नुसतं तिखट-मीठ बघू नये, पळी तळापर्यंत घालून डाळ किती आहे ते बघावं. स्वयंपाकाच्या ताईंना राग येत नाही, आम्ही विचारलंय.

लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा मिळते, ती जेवल्यावरच घ्यायची. गोळीनं शी काळी होते, त्याला घाबरून काही जणींनी मुलांना गोळी घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. काळी होतेच, त्यात काही बिघडत नाही.

आता ज्यासाठी आलो ते.

दसरा जवळ आलाय. दसऱ्यानंतर आपल्या गावात काय होतं ते रेडिओवरून सांगायची गरज नाही. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, काहींची तर खर्चूनही झालेली असते. मग एके रात्री ट्रक नाहीतर ट्रॅक्टर येतो. ताडपत्री, बांबू, पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, शेळी, डालग्यातल्या कोंबड्या, आणि सगळ्यात वर मुलं. कुणी सोलापूरला, कुणी साताऱ्याला, सांगलीला, कोल्हापूरला, काही टोळ्या पार बेळगावकडं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत यायचं नाही. म्हणजे दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा गेलेलं मूल पाडव्याच्या आगंमागं दिसतं. शाळेचं दुसरं सत्र तोवर संपत आलेलं असतं.

आम्ही सहा जणींतल्या चौघी स्वतः कोयत्यावर जाऊन आलेल्या आहोत. त्यामुळं ‘मुलांना नेऊ नका’ असं इथं बसून सांगायला आमची जीभ वळत नाही. नेल्याशिवाय भागत नाही म्हणूनच नेतात. तरीही दर वर्षी जे होतं ते बघून गप्प बसवत नाही.

गेल्या वर्षीचं सांगतो. तिसरीतली एक मुलगी. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. धडा मोठ्यानं वाचायची, इतका की शेजारच्या वर्गातले गुरुजी दार लावून घ्यायचे. तिचं नाव आम्ही हंगामी वसतिगृहाच्या यादीत घातलं होतं, आजी सांभाळायला तयार होती. ट्रक रात्री दीडच्या सुमाराला आला. सकाळी यादीत तिचं नाव होतं आणि घराला कुलूप होतं. आजीसुद्धा धाकट्या लेकाकडं निघून गेलेली. का नेलं? तर घरात आठ महिन्यांचं बाळ. आई फडात मोळ्या बांधणार, बाप तोडणार, मग बाळाला कोण धरणार? यादी करताना आम्ही मुलीची इयत्ता विचारली, आधार नंबर विचारला. बाळाचं काय करणार, हे आमच्यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा वर्गाच्या दारात उभी राहिली, आत येईना. बाईंनी पुस्तक दिलं तर पानं उलटून चित्रं बघत बसली. अक्षरं सगळी गेली नव्हती. पण जोडाक्षर आलं की थांबायची आणि आपण चोरी केल्यासारखी आमच्याकडं बघायची. मनगटावर चटक्याचा डाग होता. पहाटे तीन-चारला आई-बाप फडात गेले की बाळाला घेऊन तीच चूल बघायची. आम्ही तिच्या आईशी बोलायला गेलो. आई म्हणाली, ‘मी काय हौसेनं नेली का?’ आमच्यापाशी उत्तर नव्हतं. आम्ही चहा न घेताच उठलो.

त्या दिवसापासून आम्ही यादी करायची रीत बदलली आहे. आता घरी गेलो की आधी विचारतो, तान्हं कोण आहे, म्हातारं कोण आहे, जनावर कोण बघणार. मुलांचं नंतर.

तान्ह्या बाळाच्या प्रश्नाला आमच्याकडं पक्कं उत्तर आहे असं नाही. अंगावर पिणारं बाळ मागं ठेवता येत नाही, हे आम्हालाही कळतं. पण आपल्याच गावातल्या एका टोळीनं काय केलं ते ऐका. त्यांनी टोळीबरोबर एक आजी नेली. तिला कोयता धरायचा नाही, ऊस उचलायचा नाही, कोप्यांवर बसून चार घरांची बाळं सांभाळायची. वाढं विकून जे सुटे पैसे येतात त्यातून प्रत्येक घर तिला थोडे थोडे देत होतं, जेवणही त्यांच्यातच. आजीची परवड झाली नाही, आणि त्या चार घरांतल्या मोठ्या मुली इथं शाळेत राहिल्या. हे मुकादमानं ठरवलं नाही, बायांनी ठरवलं, आणि गाडी येण्याच्या आधी ठरवलं. ट्रकच्या फाळक्यापाशी उभं राहून असलं काही ठरत नाही.

आता हंगामी वसतिगृहाचं. नाव वसतिगृह असलं तरी वेगळी इमारत वगैरे डोळ्यापुढं आणू नका. शाळेचीच खोली. आमच्याकडं मुलांना सकाळचं आणि रात्रीचं जेवण शाळेत मिळतं, दुपारचं तर असतंच. संध्याकाळी अभ्यास घेतात. झोपायला मुलं आजी-आजोबांकडं, चुलत्याकडं जातात. समग्र शिक्षा योजनेतून त्याचे पैसे येतात आणि प्रस्ताव आपल्या समितीला करावा लागतो. प्रस्तावात मुलांची नावं लागतात. नाव नाही तर ताट नाही. ‘बघू, ऐन वेळी ठरवू’ असं सांगून तुम्ही आम्हाला परत पाठवता, आणि मग नोव्हेंबरात म्हातारी पोराला हाताला धरून येते तेव्हा यादी वर गेलेली असते. अशा पोराला आम्ही उपाशी ठेवत नाही, पण एकाच्या ताटातलं दोघांना वाढायला लागतं.

आणखी एक खरं सांगतो, नंतर बोल नको. वसतिगृहाचे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. किराणा उधारीवर आणावा लागतो, भाजी कधी असते कधी नसते. ज्यांना वाटतं की मुलगा ठेवला म्हणजे काळजी मिटली, त्यांनी अधूनमधून फोन करावा. आम्हालाही करावा, आम्ही रागावत नाही.

आज्यांनो, खरी जड बाजू तुमच्यावर पडते. तुमचे गुडघे, तुमचे डोळे, रात्री उठून खोकणं, सगळं माहीत आहे. तुमच्यावर दोन-तीन नातवंडं टाकून लेक-सून निघून जातात आणि वर तुम्हालाच सांगतात, लक्ष ठेव. म्हणून सुनांना सांगतो, सासूच्या हातात रेशनकार्ड ठेवून जा. तुम्हाला तिकडं धान्य हवं असेल तर मूळ कार्ड न्यायची गरज नाही. कार्डाचा नंबर लिहून घ्या, आधार जोडलेलं असेल तर तिकडच्या रेशन दुकानात अंगठा लावून तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं आणि उरलेलं इथं आजीला मिळतं. फक्त आजीचं नाव कार्डावर आहे का आणि तिचा अंगठा उमटतो का, हे जायच्या आधी दुकानात जाऊन बघा. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, मशीन नाही म्हणतं, आणि मग म्हातारी महिनाभर हेलपाटे घालते.

रात्री आठ-साडेआठला फडातून येऊन हातपाय धुतले की बहुतेक जणी घरी फोन लावतात. जेवलास का, सर्दी गेली का, एवढं विचारून झालं की पोराला म्हणा, ‘एक ओळ वाचून दाखव.’ आपल्याला वाचता येत नसलं तरी चालतं. अडखळतंय का, घाई करतंय का, हे आईच्या कानाला कळतं. आमच्यातल्या एकीनं हे पूर्ण हंगामभर केलं. आता मुलगाच तिला म्हणतो, आई आज दोन ओळी ऐक.

ज्यांना मुलं न्यावीच लागणार आहेत, त्यांनी नीट ऐका. शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. सहा महिन्यांसाठी दाखला काढला की परत नाव घालायचं राहून जातं. दाखल्याऐवजी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. त्यावर मुलाचं नाव, इयत्ता, त्याला काय काय येतं ते लिहिलेलं असतं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवायचं आणि मुलाला तिथं बसवायचं. हंगाम संपला की तिथल्या गुरुजींकडून कार्डावर लिहून घेऊन परत आणायचं. गेल्या वर्षी घेतलेली किती तरी कार्डं पेटीच्या तळाशी साड्यांखाली जशीच्या तशी परत आली. एका आईनं तर ते इतकं जपलं होतं की घडीसुद्धा मोडली नव्हती. तिला वाटलं होतं, हे परत आल्यावर दाखवायचं असतं. ही चूक तिची नाही, आम्ही कार्ड दिलं आणि समजावून सांगितलं नाही. म्हणून आज सांगतोय.

दुसरी एक आई कार्ड घेऊन गेली होती, पण शाळेच्या फाटकातून परत आली. ‘पट भरलाय, तुमची पोरं चार महिन्यांनी जाणार, आम्ही कशाला नाव घालू,’ असं तिला तिथं कुणीतरी सांगितलं. कुणी, ते तिला माहीत नाही, गुरुजी होते की शिपाई तेही नाही. आपण मळक्या लुगड्यात, समोर पँटमधला माणूस, आपण मागं फिरतोच. यंदा फिरू नका. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला आला नाही म्हणून, जन्माचा पुरावा नाही म्हणून, वर्षाच्या मधेच आलं म्हणून सरकारी शाळेला नाही म्हणता येत नाही. स्थलांतर करून आलेल्यांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे तिथल्या जिल्हा परिषदेचं, नगरपालिकेचं कामच आहे, तसं त्या कायद्यात लिहिलंय. भांडायचं नाही. एवढंच म्हणायचं, ‘हंगामापुरती आलोय, हे कार्ड, मूल तिसरीत आहे, आमच्या गुरुजींशी फोनवर बोला.’ आणि नंबर लावून फोन त्यांच्या हातात द्यायचा. म्हणून शाळेचा नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण पेटीच्या झाकणाला आतून रंगानं लिहून ठेवा. मोबाइल पाण्यात पडतो, पेटी पडत नाही.

कोप्या गावापासून लांब असतात, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ असते. एकट्या पोराला कुणी पाठवणार नाही आणि पाठवूही नये. टोळीतली सगळी मुलं एकत्र न्या-आणायला एका मोठ्या माणसाची पाळी लावा. कधी कधी तिथले शिक्षकच कोप्यांवर मुलं मोजायला येतात. तेव्हा मुलांना पाचटाच्या ढिगामागं लपवू नका. मुकादम म्हणतो, नावं सांगू नका, लफडं होईल. नाव लिहिलं तर शाळा मिळेल, लफडं होणार नाही. मोजायला आलेल्या ताईंकडं अंगणवाडीची चौकशीही करा. फेब्रुवारीत जंताची गोळी वाटतात तेव्हा आपली मुलं नेमकी फडावर असतात, आणि उघड्यावर अनवाणी फिरणाऱ्या पोरांनाच ती जास्त लागते. शाळेत नाहीतर अंगणवाडीत मागा, फुकट असते.

बेळगावकडं जाणाऱ्यांना मात्र आम्ही वेगळं सांगू. तिकडं मराठी शाळा आहेत, पण जिथं कोपी पडेल तिथं जवळ असेलच असं नाही, आणि हमी कार्ड आपल्या राज्याचं आहे. ज्या पोराला अजून मराठी वाचायला येत नाही त्याला चार महिने कानडी वर्गात बसवून काय होणार? जमत असेल तर त्यांनी तरी मूल इथंच ठेवावं, असं आमचं मत आहे. शेवटी घर तुमचं.

पेटी भरताना मुलाची पुस्तकं तळाशी घालू नका, वर ठेवा. एक पिशवी वेगळी करा, तिच्यात हमी कार्ड, आधारची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड. पिशवी प्लॅस्टिकची घ्या, ताडपत्री गळते. वाटेत किंवा तिकडं कुठल्याही मुलाला त्रास झाला, मारहाण झाली, मूल चुकलं, तर १०९८ नंबर फुकट लागतो, दिवसा-रात्री कधीही. तो पोरांनाही पाठ करायला लावा.

आणि परत याल तेव्हा, चार दिवस शाळा उरली असली तरी मुलांना पाठवा. परीक्षा बुडाली, आता नापास करतील, या भीतीनं गेल्या वर्षी काही मुलं जूनपर्यंत घरीच बसली. पहिली ते चौथीत कुणाला नापास करून मागं ठेवत नाहीत. काय विसरलंय ते सुट्टीआधी कळलं तर उन्हाळ्यात बाई आणि आम्ही मिळून थोडं घेऊ शकतो. गेल्या उन्हाळ्यात मारुतीच्या पारावर रोज तासभर बसवलं. आम्हाला काही फार शिकवता येतं असं नाही, एक जण वाचणार आणि बाकीची बोट ठेवणार, एवढंच.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळेतच बैठक आहे. आया, आज्या दोघी या. बाप आले तर उत्तमच, मुकादम आला तरी आम्हाला हरकत नाही, त्यालाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गाडी कधी येणार याचा अंदाज, मूल राहणार की जाणार, राहिलं तर कुणाकडं, गेलं तर कुठल्या कारखान्यावर, एवढं सांगायचं. ठरलं नसेल तर ठरलं नाही असं सांगा, तेही आम्ही लिहून घेतो. येता आलं नाही तर आम्ही दारात येतो. संध्याकाळी येतो, तेव्हा माणसं घरी असतात.

ती मुलगी आता चौथीत आहे. जोडाक्षरं जमली आहेत, आवाज मात्र अजून पहिल्यासारखा मोठा झालेला नाही. बाळ दीड वर्षाचं झालंय, चालायला लागलंय. आजी धाकट्या लेकाकडून परत आली आहे. यंदा काय करणार, हे तिच्या आईनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. बैठकीच्या आधी आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. या वेळी चहा घेऊ.